गंज घालवा, क्रोम सांभाळा!

आजोबांची जुनी सायकल चमकवायचीय? रीलमध्ये ते काम साठ सेकंदांत होतं. घरी मात्र दोन-तीन रविवार जातात. आणि चुकीची बाटली उघडली, तर सायकल सुधारायच्या ऐवजी कायमची बिघडते. म्हणून घासायला बसण्याआधी हे वाचा.

तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, गावच्या घराच्या पडवीत, नाहीतर हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक तरी जुनी सायकल नक्की उभी असेल. टायर बसलेले, हँडलवर तपकिरी ठिपके, घंटी दाबली तर नुसती खरखर. घरातले म्हणतात, 'देऊन टाका भंगारात.' भंगारवाला ती वजनावर नेतो. म्हणजे चांगल्या पोलादाची, आणखी वीस वर्षं सहज चालेल अशी वस्तू लोखंडाच्या भावात जाते.

बरं, गेलेली परत मिळत नाही. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तोही नेमका जागतिक सायकल दिनी! आसनसोलला रॅले सायकली बनवणारी सेन-रॅले कंपनी तर त्याच्या कितीतरी आधी इतिहासजमा झाली. अशा सायकलींचे काही पार्ट आजही लुधियानात बनतात आणि मिळतातही. पण तुमच्या सायकलीवरची कंपनीचं नाव कोरलेली घंटी, जाड पत्र्याचं चेनकव्हर किंवा पुढचा पितळी बिल्ला नव्यानं कुठून आणणार? जे आहे ते वाचवणं हाच खरा मार्ग.

आणि ते घरी जमतं. त्यासाठी गॅरेज लागत नाही, महागडी मशीन लागत नाहीत. लागते ती एकच गोष्ट: समोरचा पार्ट कुठल्या धातूचा आहे आणि त्यावर कुठला थर आहे, हे हात लावण्याआधी ओळखणं. कारण सायकलीची चमक ही बहुतेक वेळा धातूची नसतेच. ती वरच्या पातळ थराची असते. तो थर गेला की घरी काही केल्या परत येत नाही.

आधी ओळख परेड

फ्रिजवरचा एक मॅग्नेट घ्या आणि सायकलभर फिरवा. चिकटला तर पार्ट लोखंडी किंवा पोलादी. चिकटला नाही तर बहुतेक ॲल्युमिनियम, नाहीतर पितळ. क्वचित स्टेनलेस स्टील. जुन्या काळ्या २८ इंची सायकलीत जवळजवळ सगळं पोलादच सापडेल. नंतरच्या स्पोर्ट्स किंवा गिअरच्या सायकलीत ब्रेकचे लिव्हर, रिम, क्रँक ॲल्युमिनियमचे असू शकतात.

आता पोलादी पार्टवर काय आहे ते बघा. आरशासारखी, किंचित निळसर चमक असेल तर ते क्रोम. हँडल, रिम, क्रँक, घंटी यांवर तेच असतं. चमक थोडी पिवळसर, उबदार वाटली तर निकल. क्रोमचा मुलामा १९२०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात रुळला. त्याआधीच्या सायकली निकलच्याच असायच्या. फिकट, करड्या रंगाची झाक असेल तर जस्त. स्पोक, नट, वॉशर यांवर बहुधा हाच मुलामा असतो.

एवढी ओळख झाली की अर्धं काम झालं. कारण क्रोमचं औषध जस्ताला विष ठरतं आणि पोलादाचा उपाय ॲल्युमिनियमला चालेलच असं नाही.

खोलताना घाई नको

पार्ट काढायच्या आधी प्रत्येक बाजूनं फोटो काढा. कुठला वॉशर आत, कुठला बाहेर, हे दोन रविवारांनी आठवत नाही. नट-बोल्ट बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमानं ठेवा. अडकलेल्या नटावर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. उलट जोर लावाल तर आणखी घट्ट होईल. क्रँकची कॉटर पिन काढताना हातोडी सरळ मारू नका. नट थोडा सैल करून पिनेवरच राहू द्या आणि क्रँकला खालून लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार देऊन मगच ठोका. पिन वाकली तर वाईट वाटून घेऊ नका, ती स्वस्त असते. पण तो धक्का आतल्या बेअरिंगला बसला तर खर्च वाढतो. हे जमेलसं वाटत नसेल तर तेवढंच काम कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडून करून घ्या. ते कसं करतात ते नीट बघा, पुढच्या वेळी तुम्हीच कराल.

क्रोमसाठी स्वयंपाकघरातली फॉइल

क्रोमचा थर किती जाड असतो? एका मायक्रॉनपेक्षाही कमी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर विचार करा. क्रोमच्या खाली निकलचा त्याहून बराच जाड थर असतो आणि त्याखाली पोलाद. गंज क्रोमला लागतच नाही. वरच्या थरांमध्ये बारीक छिद्रं आणि चिरा असतात, त्यातून पाणी आत शिरतं, खालचं पोलाद गंजतं आणि तो गंज वर येऊन पसरतो. आपल्याला दिसतात ते तपकिरी ठिपके हेच.

म्हणजे बऱ्याच ठिकाणी गंजाखाली क्रोम शाबूत असतं. ते न खरवडता वरचा गंज उचलायचा आहे. यासाठी तारेचा ब्रश, भांड्याची स्टीलची घासणी, वाळूचा कागद हे सगळं बाद. त्यानं गंज जातो, सोबत क्रोमही जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो.

त्याऐवजी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल घ्या. आधी हँडल साबणाच्या पाण्यानं धुऊन जुनं तेल, माती काढा. फॉइलचा लहान बोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं गोल गोल घासा. थोड्याच वेळात करडा चिखल दिसेल. पुसा, पुन्हा घासा. ही जादू नाही, साधं शास्त्र आहे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असतं, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. शिवाय घासताना तयार होणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड पॉलिशसारखं काम करते.

शेवटी मऊ कापडानं कोरडं करा आणि गाडीला लावतात ते वॅक्स पातळ लावा. वॅक्सनं छिद्रं बुजतात, पाणी आत जात नाही. जिथं क्रोम उडालंच आहे तिथं काळे खड्डे राहतील. ते राहू द्या. तिथं जोर लावलात तर शेजारचं चांगलं क्रोमही सुटेल.

लहान पार्ट व्हिनेगरमध्ये

काही पोलादी पार्टवर मुलामा उरलेलाच नसतो, नुसता गंज. उदाहरणार्थ जुना स्टँड, कॅरिअरच्या पट्ट्या, क्लॅम्प. यांना किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर चालतं. त्यात चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असतं आणि ते गंज विरघळवतं. प्लॅस्टिकच्या डब्यात पार्ट पूर्ण बुडवून ठेवा. बारा ते चोवीस तास पुरतात; मधे दोन-तीनदा काढून बघा. व्हिनेगर नको असेल तर सायट्रिक ॲसिड घ्या. एक लिटर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे टाका. हे जरा लवकर काम करतं, त्यामुळे तासातासानं लक्ष ठेवा.

खरी कसोटी बाहेर काढल्यावर. धुऊन तसंच ठेवलं, तर काही मिनिटांत पार्टवर नारिंगी झाक येते. सगळे इथंच वैतागतात. म्हणून काढल्याबरोबर जुन्या टूथब्रशनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं ॲसिड मारा, स्वच्छ पाण्यानं धुवा, हेअर ड्रायरनं लगेच वाळवा आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. रंग द्यायचा असेल तर तेल न लावता वाळल्या वाळल्या प्रायमर मारा.

आता यात काय टाकायचं नाही ते वाचा. स्पोक आणि जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट टाकू नका. व्हिनेगर गंजाच्या आधी जस्तच खाऊन टाकतं. सीटच्या स्प्रिंगा, चेन, बेअरिंगचे छर्रे टाकू नका. कडक पोलादावर ॲसिडची क्रिया होताना हायड्रोजन तयार होतो, तो धातूत शिरला की पोलाद ठिसूळ होऊ शकतं. वरून छान दिसेल आणि एक दिवस खाडकन तुटेल. चेन डिझेलमध्ये धुवा. गंजून तिच्या कड्या वळत नसतील तर सरळ नवी घ्या.

ॲल्युमिनियम: कापड काळं होतंय का?

ॲल्युमिनियमवर गंज चढत नाही, पण ते पांढुरकं, निस्तेज होतं. पॉलिश करण्याआधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थोडं मेटल पॉलिश लावून घासा. कापड काळं झालं तर धातू उघडा आहे, खुशाल पॉलिश करा. कापड काळं होत नसेल तर वर ॲनोडायझिंगचा किंवा लॅकरचा थर आहे. त्याला साबण-पाणी आणि वॅक्स पुरे. तो थर काढायला काही जण कॉस्टिक सोडा वापरतात. त्याच्या नादी लागू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला भराभर खातो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

उघड्या ॲल्युमिनियमवर ओरखडे असतील तर ओला पॉलिश पेपर वापरा. ४०० नंबरपासून सुरू करून ६००, ८००, १०००, १५०० असं चढत जा. प्रत्येक नंबरला आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि घासायची दिशा बदला, म्हणजे काय उरलंय ते दिसतं. मधला एक नंबर गाळलात तर शेवटच्या चकाकीत तेच ओरखडे उठून दिसतात. रीलमध्ये कापलेला भाग हाच, हातानं घासायचे दोन तास!

घंटीची टोपी, दिव्याचा डबा किंवा बिल्ला पितळी निघाला तर मात्र आजीला हाक मारा. दिवाळीत देव घासायला ती चिंच का वापरते, हे आता कळेल. चिंचेतलं ॲसिड पितळेवरचा काळपट थर विरघळवतं. फक्त पितळेवर जुना मुलामा किंवा रंग भरलेली अक्षरं असतील तर घासू नका, नुसतं धुवा. बिल्ल्यावरचं नाव पुसलं गेलं तर चमकून उपयोग काय?

रंग: जिथं आहे तिथं राहू द्या

नवीन रंग मारायचा मोह सगळ्यांना होतो. पण जुन्या सायकलीवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेषा असतात, कंपनीची अक्षरं असतात. त्यावर स्प्रे मारलात की ती गेली. सत्तर टक्के रंग शाबूत असेल तर धुवा, वॅक्स लावा आणि गंजलेल्या जागांपुरतंच काम करा.

तिथला गंज काढताना पेपर ओला ठेवा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमधलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे जुन्या सायकलीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं तर ती धूळ नाकात जाते, घरातल्या लहान मुलांच्या हाताला लागते. मास्क लावा, खाली वर्तमानपत्र अंथरा, काम झालं की ते गुंडाळून टाका आणि हात धुवूनच वडापाव खा. मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. एक जाड हात मारला की ओघळ येतात. स्प्रे गच्चीवर किंवा अंगणात मारा, बंद खोलीत नको. आणि शक्यतो पावसाळा टाळा. मुंबई-कोकणात तर हवेतली आर्द्रता आणि खार दोन्ही गंजाच्या बाजूनं असतात, तिथं थंडीचे कोरडे दिवस उत्तम.

चमकली, पण थांबेल का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिम चमकवताना पॉलिश, वॅक्स, तेल यांचा अंशही ब्रेक लागतो त्या जागी राहता कामा नये. रॉडच्या ब्रेकमध्ये रबर रिमच्या आतल्या बाजूवर, म्हणजे हबकडे तोंड असलेल्या भागावर दाबतात. वायरच्या ब्रेकमध्ये रिमच्या दोन्ही कडांवर. तो भाग शेवटी साबणानं धुवा, कोरड्या कापडानं पुसा. रबर जुने, कडक झालेले असतील तर बदला. क्रोमच्या रिमवर ओल्यात ब्रेक तसेही उशिरा लागतात, त्यात वॅक्सची भर नको.

घासताना दुसरी एक गोष्ट सापडते: भेगा. हँडलचा दांडा, पुढचा फोर्क, क्रँक हे पार्ट स्वच्छ झाले की केसाएवढी बारीक रेष नखाला लागते का ते बघा. लागली तर तो पार्ट बदलायचा, पॉलिश करून लपवायचा नाही. या तीन पार्टवर तुमचं अख्खं वजन असतं.

आणि सायकल उलटी करून चाक फिरवत, फिरत्या चेनला फडकं लावून पुसायची ती सवय आजच सोडा. फडकं चेन आणि दातांच्या मधे ओढलं जातं, मागोमाग बोट. ड्रिलला बफ लावून पॉलिश करणार असाल तर गॉगल घाला, ओढणी-लेस-सैल बाह्या दूर ठेवा.

ते ॲसिड नकोच

व्हिडिओमध्ये अनेकदा टॉयलेट क्लीनर ओतून गंज घालवतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते गंजासोबत क्रोमही विरघळवतं. त्याची वाफ फुप्फुसांना त्रास देते आणि खोलीतल्या इतर लोखंडी वस्तूही गंजवते. त्यात चुकून ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, जो जिवावर बेतू शकतो. बॅटरी चार्जर लावून पाण्यात गंज काढायचा प्रयोगही क्रोमच्या पार्टवर नको. जोडणी उलटी झाली किंवा स्टेनलेस स्टीलचा तुकडा दुसऱ्या टोकाला लावला, तर पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम उतरतं. ते कॅन्सरला कारण ठरणारं रसायन आहे, आणि ते पाणी तुम्ही शेवटी मोरीतच ओतणार ना?

हँडलचं क्रोम खरंच संपलं असेल तर प्लेटिंगवाल्याकडे जा. जुना थर काढणं, बफिंग, निकल, मग क्रोम, असं सगळं करणार का ते विचारा. निकल न देता वरचेवर क्रोम मारलेलं काम एक पावसाळाही टिकत नाही. खर्च सायकलीच्या किमतीएवढा होतोय असं वाटलं तर हँडलला वॅक्स लावा आणि त्या ठिपक्यांसकट चालवा. जुन्या सायकली मन लावून जपल्या तर कशा दिसतात ते बघायचं असेल, तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. सुरुवात करण्याआधी एक चक्कर मारा.

खिशात ठेवा

- क्रोम: ओली फॉइल, मग वॅक्स. स्टीलची घासणी कधीच नाही.
- मुलामा नसलेलं पोलाद: व्हिनेगर, खायचा सोडा, लगेच वाळवणं, तेल.
- जस्त, स्पोक: साबण-पाणी, कोरडं करून तेलाचं फडकं.
- ॲल्युमिनियम: आधी लपलेल्या जागी मेटल पॉलिशची चाचणी.
- पितळ: चिंच. अक्षरं आणि रंग जपून.
- स्प्रिंग, चेन, छर्रे: ॲसिडपासून लांब.
- रिमचा ब्रेकचा भाग: शेवटी साबणानं धुणं सक्तीचं.

सगळी सायकल एकदम खोलू नका. अर्धी खोललेली सायकल परीक्षा संपेपर्यंत तशीच पडते आणि मग घरातले खरंच ती भंगारात देतात. या रविवारी फक्त घंटी काढा. आत दोन छोटी दातेरी चाकं आणि एक स्प्रिंग असते. टोपीला फॉइल, आतल्या चाकांना डिझेल आणि तेलाचा एक थेंब. तासाभराचं काम आहे. वाजली, की पुढच्या रविवारी हँडल.